शब्द अरिकचे, चाल मित्राची

हिब्रू गाणी आवडीने ऐकणाऱ्या आपल्या वाचकांत एक मत पुष्कळदा कानी पडते. अरिक आईनस्टाईन हे इस्राएलचे फार मोठे गायक होऊन गेले, ह्याविषयी दुमत नाही. पण "चाली तर सगळ्या दुसऱ्यांच्या, त्यांचा म्हणाल तर आवाज तेवढा," असे म्हणून त्यांच्या गीतरचनेचा विषय तिथेच संपवला जातो. हे मत आम्हांला मान्य नाही. आईनस्टाईन यांनी गाण्यांचे शब्द लिहिले आणि ते शब्द कोणाच्या हाती द्यावेत हेही त्यांनीच ठरवले. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची होती, असे आम्ही म्हणतो.

आपण मराठी भावगीतांवर वाढलेली माणसे. गाणे तिघांचे असते, कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आकाशवाणीवर गाणे लागले की ही तिन्ही नावे सांगितली जात. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' प्रसारित झाले, तेव्हा ते माडगूळकरांचे की फडक्यांचे असा वाद कोणी घातला नाही. ते दोघांचे होते. मग हिब्रू गाण्याकडे वळताच आपण ही समज दाराबाहेर का ठेवतो? चाल न बांधणारा मनुष्य गाण्याचा कर्ता नव्हे, असे माडगूळकरांविषयी आपण कधी म्हटले होते काय?

आईनस्टाईन यांचा जन्म १९३९ साली तेल-अवीवमध्ये झाला. वडील याकोव हे 'ओहेल' नाटक मंडळीतले नट. तरुणपणी अरिक उंच उडीत देशात पहिले आले होते. पुढे सैन्यात नहालच्या गायक पथकात गेले आणि सैन्यातून सुटल्यावर योराम गाओन व बेनी अमदुर्स्की यांच्यासह 'यार्कोन पूल' त्रिकुटात गाऊ लागले. त्या काळाची रीत लक्षात घेतली पाहिजे. शब्द मान्यवर कवीचे, चाल मान्यवर संगीतकाराची, वर दिग्दर्शकाची शिस्त. गायकाने सांगितलेले गावे आणि खाली उतरावे. गाणी उत्तम होती, पण गायकाला स्वतःचे काही सांगायचे असेल तर त्याला तिथे जागा नव्हती.

ही जागा आईनस्टाईन यांनी एका जोडीदाराच्या बळावर मिळवली. मिश्मारोत किबुत्समधला शालोम हनोख हा त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. तो स्वतःच शब्द लिही, स्वतःच चाल लावी. नावाजलेल्या गायकाने अशा पोराच्या गाण्यांवर भिस्त ठेवणे ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. १९६८ च्या 'मज़ल ग्दी' ह्या तबकडीत हनोखची गाणी आली. १९६९ च्या 'पूज़ी'मध्ये 'चर्चिल्स' ह्या तरुणांच्या विद्युत गिटारींची साथ आली, आणि १९७० मध्ये दोघांनी मिळून 'शब्लूल' केली. हिब्रू रॉक संगीताचा आरंभ ह्याच तबकड्यांपासून धरतात.

'शब्लूल' ऐकताना दोन निराळ्या स्वभावांची ओढाताण जाणवते. हनोखच्या चालीला धार आहे. ती थांबत नाही, ऐकणाऱ्याला ढकलते. आईनस्टाईन यांचा आवाज मात्र घाई करत नाही. खुर्चीत रेलून गप्पा मारणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. चाल धावते आणि आवाज चालतो, ह्यातच त्या गाण्यांची गोडी आहे. दोघेही धावले असते तर गोंगाट झाला असता. दोघेही चालले असते तर झोप आली असती.

हनोख नशीब काढायला लंडनला गेला. दुसरा कोणी अशा वेळी त्याच्याच धर्तीची नक्कल करणारा शोधता. आईनस्टाईन यांनी उलट स्वभावाचा मनुष्य निवडला. 'चर्चिल्स'मध्ये बास गिटार वाजवणारा मिकी गाव्रिएलोव त्या वेळी विशी नुकतीच ओलांडलेला होता. १९७१ साली दोघांची 'बादेशे एत्सेल अविगदोर', म्हणजे 'अविगदोरकडच्या हिरवळीवर', ही तबकडी निघाली. गाव्रिएलोवच्या चाली मऊ, लांब श्वासाच्या. कोणालाही गुणगुणता येतील अशा. त्यांना भरजरी शब्द चालले नसते. आईनस्टाईन यांनी त्यांना साधे शब्द दिले, आणि त्यांच्या गीतकारीला खरी वाट इथे सापडली असे आम्हांला वाटते.

ह्याच तबकडीत 'अनी वे-अता' आहे. 'मी आणि तू' एवढाच त्या नावाचा अर्थ. दोन माणसे मिळून जग बदलण्याची गोष्ट बोलतात, आणि असे आपल्या आधीही लोक बोलून गेले हे गाणे स्वतःच कबूल करते. उलपानात चार महिने काढलेल्याला कळतील एवढेच त्यातले शब्द. पण एक बारकावा मराठी कानाला सहज चुकतो. आपल्या 'तू'मध्ये बाई की पुरुष हे कळत नाही. म्हणून आपल्यातले पुष्कळ जण हे प्रेमगीत समजतात. हिब्रूत 'अता' हे पुरुषाला उद्देशूनच म्हणतात. स्त्रीला 'अत' म्हणावे लागते. म्हणजे शब्दांच्या रोखाने पाहिले तर ही प्रियकर-प्रेयसीची बोलणी नव्हेत. एका मित्राने दुसऱ्याला घातलेली साद आहे. शब्द लिहिणारा एक मित्र, चाल बांधणारा दुसरा, आणि गाण्याचा विषयही तोच. ज्या रीतीने आईनस्टाईन यांनी आयुष्यभर काम केले, तीच रीत ह्या छोट्या गाण्यात आली आहे.

'सा लेआत', म्हणजे 'सावकाश हाक', ह्या गाण्यालाही चाल गाव्रिएलोवचीच. मोटारीत बसलेल्या माणसांच्या मनात येणारे विचार हाच त्याचा मजकूर. पाऊस, दोस्त, हापोएलचा फुटबॉल, आणि मध्येच गाझाजवळून जाताना कोणी हातबाँब टाकू नये एवढी धास्ती. कवितेच्या वहीत हे शब्द कोणी उतरवून घेणार नाही. कागदावर ते अर्धवट वाटतात, आणि ते अर्धवट ठेवलेलेच आहेत. उरलेला अर्धा भाग चालीने भरायचा आहे. शब्दांनीच सगळे सांगून टाकले तर चालीला काम काय उरले? गीतकाराचे हे शहाणपण पुष्कळ चांगल्या कवींनाही साधत नाही.

ही बाजू दुसऱ्या टोकाने तपासता येते. अव्राहाम हाल्फी हे कवी आणि नट. 'ओहेल' मंडळीत ते आईनस्टाईन यांच्या वडिलांचे सोबती होते. त्यांची कविता गहन, शब्द भारदस्त. त्यांच्या 'अतूर मित्सखेख'ला योनी रेख्तर यांनी चाल लावली आणि आईनस्टाईन यांनी ती गायिली. चालीत सुरांचे थर आहेत, वळणे अवघड आहेत. इथे आईनस्टाईन यांनी स्वतःचा एक शब्दही घातला नाही. पुढे १९८८ मध्ये हाल्फींच्या कवितांची एक सबंध तबकडी त्यांनी काढली. आपले शब्द कुठे पुरतात आणि कुठे दुसऱ्याच्या शब्दांपुढे गप्प बसावे, हे ज्याला कळते त्याला आम्ही गीतकार म्हणून कमी लेखणार नाही, उलट जास्तच मानू.

१९८२ च्या 'योशेव अल हागादेर', म्हणजे 'कुंपणावर बसलेला', मध्ये जोडीदार होता गिटारवादक यित्सहाक क्लेप्टर. इथे शब्दांत चाळिशी ओलांडलेल्या माणसाची कुचंबणा आहे. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. क्लेप्टरच्या गिटारीतली उदासी त्या शब्दांना नेमकी लागू पडते. 'अनी वे-अता'मधला विश्वास गाव्रिएलोवच्या चालीवाचून उभा राहिला नसता, तशी ही उदासी हनोखच्या हाती उतरली नसती. वयाबरोबर मन पालटले तसा त्यांनी जोडीदार निवडला. दरम्यान हनोखशीही नाते तुटले नव्हते. १९७९ साली दोघे पुन्हा एकत्र रंगमंचावर आले होते.

आता आमच्या तक्रारीकडे येतो. १९७३ पासून आईनस्टाईन यांनी 'एरेत्स यिस्राएल हायेशाना वेहातोवा', म्हणजे 'जुना आणि चांगला इस्राएल देश', ह्या नावाने जुन्या गाण्यांच्या तबकड्या काढल्या. पायोनियरांची, वसाहतींची, रशियन वळणाच्या चालींची ती गाणी. गायन सुरेख, वाद्यमेळ सुरेख. पण नावातल्या 'चांगला' ह्या शब्दाशी आपली पावले अडखळतात. आपल्यातल्या वडील मंडळींनी पाहिलेला जुना देश म्हणजे माबाराचे तंबू, आणि १९५१-५२ साली आपल्या लोकांनी धरलेले धरणे; त्यातली काही कुटुंबे तर भारतात परतली. १९६२ साली रब्बीनी घातलेल्या विवाहाच्या अटी आल्या आणि आपण पुरे यहूदी आहोत हे सरकारदरबारी वदवून घेण्यासाठी १९६४ पर्यंत झगडावे लागले. त्या 'जुन्या आणि चांगल्या' देशात आपले घर दिसत नाही. येमेनच्या, मोरोक्कोच्या लोकांचेही फारसे दिसत नाही.

ह्यात आईनस्टाईन यांचा वाईट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. ते स्वतःच्या बालपणाचे तेल-अवीव गात होते. पण ह्या तबकड्यांत त्यांचे जोडीदार कोण होते ते पाहा. हयात नसलेले कवी, जुने संगीतकार, गेलेला काळ. गेलेला काळ उत्तर देत नाही, हुज्जत घालत नाही. हनोख ढकलत होता, गाव्रिएलोव मऊ करत होता. आठवण नुसतीच मान डोलावते. म्हणून ही गाणी गोड असूनही बंद खोलीतली वाटतात.

उलट त्यांच्या स्वतःच्या शब्दांना ना गाव आहे ना जात. 'ऊफ गोज़ाल', म्हणजे 'ऊड रे पिल्ला', ह्या गाण्याचे शब्द त्यांचे, चाल पुन्हा गाव्रिएलोवची. पिल्ले घरटे सोडून निघाली आहेत. मागे राहिलेला जीव त्यांना उडायलाही सांगतो आणि जपायलाही. मुलांना आलियासाठी बोटीवर चढवून कोकणात किंवा मुंबईत मागे राहिलेल्या आपल्या आईबापांना त्यातली कोणती ओळ परकी वाटली असती? इस्राएलात जन्मलेल्या नातवाला सैन्याच्या गाडीत बसवून परतणाऱ्या आजीलाही ती परकी वाटत नाही. 'जुन्या आणि चांगल्या' देशाने जे दार लावून घेतले, ते ह्या साध्या गाण्याने उघडले.

जोडीदारांच्या गोष्टीत दिग्दर्शक ऊरी ज़ोहर यांचे नाव गाळता येणार नाही. 'लूल' आणि 'मेत्सित्सीम' (१९७२) यांमुळे ही जोडी घरोघरी पोचली. पुढे ज़ोहर धर्मनिष्ठ होऊन चित्रपटांपासून दूर गेले. आईनस्टाईन यांनी ह्या घटनेवर गीत लिहिले. मित्र दुरावल्याचे दुःख त्यात आहे, पण निंदा नाही. नंतर आईनस्टाईन यांच्या दोन मुली ज़ोहर यांच्या मुलांना दिल्या गेल्या आणि जुने दोस्त व्याही झाले. मतभेदाने मैत्री मोडायला पाहिजेच असे नाही, हे त्यांनी गाण्यात सांगितले आणि वागूनही दाखवले.

१९८१ नंतर त्यांनी जाहीर कार्यक्रम थांबवले. रंगमंचाची त्यांना धास्तीच वाटे. पण तबकड्या निघत राहिल्या, कारण लोकांपुढे उभे राहण्यापेक्षा चार मित्रांसह खोलीत बसून गाणे घडवणे हे त्यांचे खरे काम होते. २६ नोव्हेंबर १९१३ असे नव्हे, २०१३ इतक्या अलीकडे ते वारले, आणि दुसऱ्या दिवशी तेल-अवीवच्या राबिन चौकात हजारो माणसे त्यांच्या शवपेटीपुढे जमली. आयुष्याची शेवटची तीस वर्षे लोकांसमोर न आलेल्या माणसासाठी ही गर्दी होती.

शेवटी आपल्या घरची एक गोष्ट. १८८० च्या सुमारापासून आपल्या पूर्वजांनी मराठीत कीर्तने रचली. आपल्या बायका ती पदे अजून गातात. ती रचणारे कोण, चाल कोणी दिली, साथ कोणी केली, ही नावे आज किती घरांत ठाऊक आहेत? आईनस्टाईन यांच्या गाण्यांत 'आवाज तेवढा त्यांचा' म्हणणारे आपणच, आपल्या पदांच्या बाबतीत आवाज तेवढा लक्षात ठेवून बाकीची नावे विसरलो आहोत. तेव्हा पुढच्या वेळी 'अनी वे-अता' लागले की मुलांना गाव्रिएलोवचेही नाव सांगावे. आणि शब्बाथ सरल्यावर आजी एखादे पद म्हणू लागली, तर ते तिला कोणी शिकवले हे विचारून नातवंडांनी वहीत लिहून ठेवावे. असे टिपण ज्या घरी असेल त्यांनी ते आमच्याकडे अवश्य पाठवावे.