दार कोणी आपटलं?

ॲन फॅडिमन यांचं ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ (१९९७) आपल्यापैकी काहींनी वाचलं असेल. लाओसमधून कॅलिफोर्नियाच्या मर्सेडला आलेलं ह्मोंग कुटुंब. धाकट्या लियाला फिट येतात. डॉक्टर म्हणतात, अपस्मार. आईबाप म्हणतात, मोठ्या बहिणीनं धाडकन दार लावलं, पोरीचा आत्मा घाबरून निघून गेला. तो परत आणायला ह्मोंगांचा भगत देवलोकी जातो. व्हिएतनामच्या ‘लेन डोंग’ विधीत उलटं, तिथं देवता खाली येऊन माणसाच्या अंगात शिरते. मिर्चा एलियाडसारखे पंडित या भेदावर फार जोर देतात. मला तो घरातून पाहताना दुय्यम वाटतो. दोन्हीकडे भगत होण्याचं बोलावणं बहुधा आजारपणातूनच येतं, आणि दुखणं एकाचं असलं तरी जाब सगळ्या घराला द्यावा लागतो.

हे आपल्याला नवं नाही. श्रावणात कानबाई बसते, रोटाचे गहू सव्वा-सव्वा मूठ मोजले जातात, परगावचे भाऊबंद येतात. अशात सुनेच्या अंगात आलं, की एरवी जिच्याशी धड बोलत नाही तो सासरा हात जोडतो, “माय, काय चुकनं आमनं?” तेवढा वेळ घरात तिचं ऐकलं जातं. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येत नाही.

पण फॅडिमनबाई इथंच थांबतात, अशी माझी तक्रार आहे. त्यांच्या पुस्तकात ‘कुटुंब’ एका तोंडानं बोलतं. घर जाब विचारतं तेव्हा कोणाला तरी तो द्यावा लागतो ना! सातपुड्यात भगताचं बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळलं, की ती डाकीण ठरते. अजय स्कारिया यांचा भिल्ल मुलखातल्या डाकिणींच्या छळावरचा लेखही १९९७चाच. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मग ह्मोंग घराबद्दलचा गोडवा थोडा उतरतो.

१९८६च्या मोठ्या झटक्यानंतर लिया पुन्हा कधी भानावर आली नाही, २०१२ला गेली. डॉक्टरांची चूक किती, आईबापांची किती, यावर पानंच्या पानं आहेत. मला मात्र ती दार लावणारी बहीण हवी होती. ती त्याच घरात वाढली, आणि मला पुस्तकात ती पुरेशी भेटलीच नाही.