‘नीवरण’ आणि ‘निवारण’

पालि ग्रंथांविषयीच्या मराठी लेखनात आणि प्रवचनांत ‘पंच नीवरण’ याऐवजी ‘पंच निवारण’ असा प्रयोग पुष्कळदा आढळतो. तो मुद्रणदोष म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्याने अर्थ नेमका उलटा होतो.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘वृ’ म्हणजे झाकणे, अडवणे हा एकच धातू आहे. कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्चकुक्कुच्च व विचिकिच्छा ही चित्ताला अडवणारी पाच नीवरणे होत. सामञ्ञफल सुत्तात त्यांना अनुक्रमे ऋण, रोग, कारागृह, दास्य आणि निर्जन वाटेवरील प्रवास यांची उपमा दिली आहे. ‘निवारण’ म्हणजे अटकाव. मुलांना पापापासून परावृत्त करणे हे सिगालोवाद सुत्तातील मातापित्यांचे पहिले कर्तव्य. तेथे क्रियापद हेच आहे.

परंतु केवळ ऱ्हस्वदीर्घ सुधारून भागत नाही. मराठीत ‘शंकानिवारण’ म्हणताना शंका पूर्ण दूर करणे अभिप्रेत असते. पालीत तो अर्थ नाही. सुत्तनिपातात गोदाकाठच्या बावरीचा शिष्य अजित तथागतांना विचारतो, की सर्वत्र वाहणारे प्रवाह कशाने अडतात आणि कशाने बंद होतात? उत्तरही दुहेरी आहे: स्मृतीने अडतात, प्रज्ञेने बंद होतात. येथे ‘निवारण’ हा शब्द अनुवादात जसाच्या तसा ठेवला, की स्मृतीनेच सारे साधले असा वाचकाचा समज होतो आणि प्रज्ञेला काही कार्यच उरत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घातले की पाणी अडते, काढले की वाहू लागते. पालीतील निवारण ते एवढेच.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास हुकमाने मनाई केली. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने ती नष्ट करून तिचे आचरण निषिद्ध ठरविले. असा अटकाव अत्यावश्यकच होता व आहे. तथापि पाणवठ्यावर आडवा येणारा हात कायदा रोखतो. त्या हातामागील मन प्रज्ञेवाचून पालटत नाही. प्रज्ञा, करुणा, समता या त्रयीत बाबासाहेबांनी प्रज्ञेला प्रथम स्थान दिले, ते या दृष्टीने लक्षात घेतले पाहिजे.

म्हणून अनुवादकांनी चित्ताच्या अडथळ्यांसाठी दीर्घ ‘नी’चे ‘नीवरण’च लिहावे आणि अजिताच्या गाथेत ‘अटकाव’ हा साधा शब्द योजावा. अटकाव झाला म्हणजे उच्छेद झाला, असे समाधान आपणांस परवडणारे नाही.