मुखातील मंत्र आणि कुपीतील मंत्र

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांकडे भाषेच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या खेळांत जे घडते ते बोलण्यातून घडते. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. परंतु ‘मी दार उघडतो’ हे वाक्य कोणी उच्चारल्यावाचून दार उघडत नाही. त्यातही मांत्रिकाचे पात्र विशेष लक्षणीय आहे. कारण इतर पात्रांची कृती बोलून सांगावी लागते, तर मांत्रिकाची कृती मुळातच बोलणे असते.

प्रस्तुत लेखात या पात्राच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. जो मांत्रिक आपले मंत्र द्रवात उतरवून कुपीत भरून ठेवतो, त्याने सोबत्यांच्या साहाय्यासाठी कोणते मंत्र निवडावेत, हा तो प्रश्न होय. खेळाडू ज्याला ‘पोशन’ म्हणतात त्यासाठी येथे ‘अर्क’ हा शब्द योजिला आहे. विवेचनासाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ घेतला आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याची तिसरी आवृत्ती २००० साली निघाली आणि तिचे सुधारित रूप २००३ साली आले. अर्क करण्याचे नियम या सुधारित रूपात सर्वांत स्पष्ट आहेत. म्हणून मुख्य आधार त्याचाच घेतला आहे.

१

प्रथम मंत्रासंबंधी. या खेळातील मांत्रिक सकाळी मंत्र तयार करून ठेवतो, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्याजवळून जातो. ही कल्पना जॅक व्हॅन्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या कथासंग्रहावरून घेतलेली आहे. मंत्र म्हणजे येथे कायमचे ज्ञान नव्हे. ती एक उक्ती आहे, आणि प्रत्येक उक्तीप्रमाणे तिला वक्ता, काळ व स्थळ असते.

अर्काने यात काय बदलते? मराठीत आपण पाणी मंतरतो, दोरा मंतरतो, अंगारा मंतरून देतो. ‘मंतरणे’ या क्रियापदाचे कर्म वस्तू असते. उच्चार एकाने एका वेळी केलेला असतो आणि परिणाम दुसऱ्याला दुसऱ्या वेळी भोगावयाचा असतो. ट्रोब्रिआंड बेटांतील शेतीच्या मंत्रविधींचे जे वर्णन मॅलिनॉव्स्की यांनी ‘कोरल गार्डन्स अँड देअर मॅजिक’ (१९३५) या ग्रंथात केले आहे, त्यात मांत्रिक कुऱ्हाडी व पाला चटयांच्या मध्ये ठेवतो आणि तोंड अगदी जवळ नेऊन मंत्र म्हणतो, तो अशासाठी की शब्द बाहेर न सांडता वस्तूत मुरावा. अर्क ही याच कल्पनेची पुढची पायरी होय. उक्ती वक्त्यापासून सुटते व साठविता येते. बोलणे आणि लिहिणे यांत जे अंतर आहे, तेच मुखातील मंत्र आणि कुपीतील मंत्र यांत आहे. लिहिणारा मनुष्य वाचणाऱ्याजवळ नसतो, आणि वाचताना पडलेल्या शंकेचे उत्तर त्याला देता येत नाही.

२

आता नियम पाहू. अर्क करण्याची विद्या मांत्रिकाला तिसऱ्या पातळीवर साध्य होते. तिसऱ्या श्रेणीपर्यंतचा, आणि एखाद्या व्यक्तीवर करावयाचा मंत्रच अर्कात उतरतो. एका अर्काला एक दिवस लागतो. मूळ किंमत मंत्राची श्रेणी, मांत्रिकाची पातळी आणि ५० यांच्या गुणाकाराइतकी सुवर्णमुद्रा असते. साहित्यासाठी तिची निम्मी रक्कम खर्चावी लागते आणि पंचविसाव्या हिश्शाइतके अनुभवगुण जातात. अर्क करताना तयार ठेवलेला मंत्रही खर्ची पडतो. म्हणजे रिकाम्या दिवसाचे सामर्थ्य धकाधकीच्या दिवसासाठी राखून ठेवण्याची ही सोय आहे.

परंतु भाषेच्या अभ्यासकाला खरी महत्त्वाची वाटतात ती तीन कलमे निराळी आहेत. एक : ज्या मंत्राची व्याप्ती ‘स्वतःपुरती’ आहे, त्याचा अर्क होत नाही. दोन : मंत्र म्हणताना जी निवड करावयाची असते, ती अर्क करणाऱ्याने करतानाच करून टाकलेली असते. तीन : अर्क पिणारा हाच त्या मंत्राचे लक्ष्य असतो आणि मंत्राचा प्रयोग करणाराही तोच मानला जातो.

पहिल्या कलमावरून आपल्या व्याकरणातील आत्मनेपद व परस्मैपद या संज्ञांची आठवण होते. संस्कृतात धातूंचा प्रत्यक्ष वापर या नावांच्या अर्थाप्रमाणे नेहमीच होत नाही, हे ध्यानात ठेवूनही वर्गीकरणासाठी त्या उपयोगी पडतात. ‘शील्ड’, ‘ट्रू स्ट्राइक’, ‘मिरर इमेज’ हे मंत्र आत्मनेपदी आहेत. त्यांचे फळ उच्चारणाऱ्यालाच मिळते, आणि म्हणून ते कुपीत उतरत नाहीत. साहाय्यक मंत्रांची यादी करावयास बसलेल्या मांत्रिकाने हे तीन व यांसारखे इतर मंत्र पहिल्या झटक्यालाच बाजूला काढावेत. स्वतःच्या रक्षणासाठी ते चांगले आहेत. साहाय्य या सदरात त्यांना जागा नाही.

तिसरे कलम अधिक सूक्ष्म आहे. मंत्र मुखाने म्हटला तर मांत्रिक कर्ता असतो आणि सोबती संप्रदान, म्हणजे ज्याला काही दिले जाते तो. अर्क प्याला गेला की सोबती कर्ता होतो आणि मांत्रिक प्रयोजक ठरतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. कुपी हातात पडताच हे स्वातंत्र्य सोबत्याकडे जाते : केव्हा प्यावयाचे, प्यावयाचे की नाही, हे आता तो ठरवितो. दुसऱ्या कलमाने मात्र ते स्वातंत्र्य मर्यादित केले आहे. काय प्यावयाचे हे आधीच ठरून गेलेले असते.

३

यावरून निवडीचा निकष निघतो. खेळाडूंत सामान्यतः असा प्रघात दिसतो की, जो मंत्र सर्वांत प्रभावी तो कुपीत भरावा. हा प्रघात चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रभाव हा निकष नव्हे. निर्णय कोणी करावयाचा, हा निकष होय. ज्या मंत्राची वेळ पिणाऱ्यालाच अधिक चांगली कळते, तो कुपीत घालावा; ज्याचा प्रकार, व्यक्ती वा क्षण ऐन प्रसंगी मांत्रिकालाच ठरवावा लागतो, तो मुखात ठेवावा.

‘हेस्ट’ हा गती देणारा मंत्र घेऊ. तो तिसऱ्या श्रेणीचा आहे व अत्यंत लोकप्रिय आहे. पाचव्या पातळीच्या मांत्रिकाने तो मुखाने म्हटला तर जवळपास उभ्या असलेल्या पाच सोबत्यांना एका कृतीत गती मिळते. त्याचाच अर्क केला तर तो एकालाच पुरतो. किंमत ७५० मुद्रा, म्हणजे साहित्याचा खर्च ३७५ मुद्रा, आणि ३० अनुभवगुण. टिकावयाचा पाच फेऱ्या. एक फेरी सहा सेकंदांची असल्याने हे सारे अर्ध्या मिनिटासाठी, आणि त्यातही पहिल्या फेरीतील मुख्य कृती पिण्यातच जाते. पाच सोबत्यांसाठी पाच कुप्या करावयाच्या तर पाच दिवस आणि १८७५ मुद्रा लागतील. नियमग्रंथातील तयार अर्कांच्या यादीत हा अर्क आहे; पण यादीत असणे आणि योग्य असणे या भिन्न गोष्टी आहेत.

‘रेझिस्ट एनर्जी’ या मंत्रात दुसरा दोष दिसतो. तो आग, थंडी, वीज इत्यादींपैकी एकापासून रक्षण करतो. मुखाने म्हणताना समोर काय आहे ते पाहून प्रकार ठरविता येतो. कुपी भरताना मात्र उद्याच्या शत्रूविषयी आज अंदाज करावा लागतो. आगीची कुपी हातात आणि समोर थंडी, हा प्रसंग पाहिलेल्या खेळाडूस अधिक सांगावयास नको. ‘फेदर फॉल’ या मंत्राचे तर सारे मर्मच तत्काळ उच्चारात आहे. सोबती पडू लागताच मांत्रिक दुसऱ्याच्या पाळीतही तो म्हणू शकतो. पडणाऱ्याने कुपी काढून बूच उघडावे ही अपेक्षाच व्यर्थ.

उलट ‘इन्व्हिजिबिलिटी’ पाहा. टेहळणीला गेलेला सोबती एकटा असतो. मांत्रिक त्याच्याजवळ नसतो, आणि पहारेकरी वळला तो क्षण त्यालाच दिसतो. ३०० मुद्रा किमतीची, तीन मिनिटे टिकणारी ती कुपी येथे सार्थ ठरते. ‘स्पायडर क्लाइंब’ त्याच किमतीत अर्धा तास भिंत चढू देतो, ‘डार्कव्हिजन’ तीन तास अंधारात दृष्टी देतो. ‘फ्लाय’ हा ७५० मुद्रांचा असला तरी पाच मिनिटे चालतो, आणि दिशा पिणाऱ्याने ठरवावयाची असते. पहिल्या श्रेणीत ‘मेज आर्मर’ सर्वांत सोयीचा : २५ मुद्रांच्या साहित्यात व २ अनुभवगुणांत एक तासाचे कवच मिळते. मात्र ही कुपी जड चिलखत घातलेल्या योद्ध्याला देऊन उपयोग नाही. दोन्ही कवचांची बेरीज होत नाही. म्हणजे वाचक कोण, हे लेखकाप्रमाणे अर्क करणाऱ्यानेही आधी पाहिले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. मांत्रिक स्वतःच बेशुद्ध पडला तर मुखातील सारे मंत्र निरुपयोगी होतात. कुपी मात्र उरते. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते इतकेच की, सुटकेच्या उपयोगाची एखादी कुपी प्रत्येकाजवळ असावी. सर्वच मंत्र कुपीत ओतावेत, असे नव्हे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्क म्हटला की जखम भरून काढणारे औषध, असे बहुतेकांच्या मनात असते. या आवृत्तीत जखमा भरण्याचे मंत्र मांत्रिकाच्या यादीत नाहीत. त्याचे साहाय्य जखमेच्या आधीचे असते. शुश्रूषेपेक्षा पूर्वतयारी हेच त्याचे क्षेत्र आहे. हे मान्य केले म्हणजे निवड पुष्कळशी सोपी होते.

४

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने या व्यवस्थेत जो बदल केला, त्याचेही मूल्यमापन करणे इष्ट आहे. तेथे मांत्रिकाने निवडलेला मंत्र अर्कात उतरत नाही. अर्क ही जादूच्या वस्तूंच्या यादीतील एक ठरलेली वस्तू होते. या बदलाचा लाभ उघड आहे. पाचव्या आवृत्तीत बरेच साहाय्यक मंत्र एकाग्रतेवर चालतात आणि मांत्रिकाला एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र राहता येते. अर्काला हे बंधन नाही. तेथील ‘पोशन ऑफ स्पीड’ एक मिनिटभर एकाग्रतेशिवाय गती देते. त्यामुळे वर केलेली ‘हेस्ट’विषयीची टीका त्या आवृत्तीला लागू पडत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे २०२४ सालच्या सुधारित नियमांनी अर्क पिणे व पाजणे या दोहोंना मुख्य कृतीऐवजी गौण कृतीचे स्थान दिले, हीही सुधारणाच आहे.

हानी दुसरीकडे आहे. अर्क मंत्रापासून तुटला, आणि म्हणून अर्क करणारा मांत्रिक लेखक न राहता नकलनवीस झाला. तिसऱ्या आवृत्तीत कुपी भरताना त्याला सोबत्यांचा विचार करावा लागे : हा कोठे जाईल, कशात अडकेल, तेव्हा मी जवळ असेन का? पाचव्या आवृत्तीत यादी पाहून सामग्री जमविली की झाले. नियम सुटसुटीत झाले. परंतु निवडीतून व्यक्त होणारी आस्था कमी झाली.

साहाय्य दोन प्रकारचे असते. एक साहाय्य करणाऱ्याच्या हातात राहते; दुसरे घेणाऱ्याच्या हाती सोपविले जाते. पहिल्यात सोबत्याने मांत्रिकाच्या पाळीची वाट पाहावयाची. दुसऱ्यात मांत्रिकाने सोबत्याच्या निर्णयावर विश्वास टाकावयाचा. अनेक मांत्रिक हा विश्वास टाकू शकत नाहीत, आणि मग त्यांच्या कुप्या खेळ संपेपर्यंत त्यांच्याच झोळीत पडून राहतात. पिणारा बेशुद्ध असेल तेव्हा त्याच्या घशात थेंब थेंब सोडून अर्क पाजता येतो आणि त्यासाठी अख्खी फेरी द्यावी लागते, असा तिसऱ्या आवृत्तीत नियम आहे. ‘पिणे’ आणि ‘पाजणे’ यांतील हे अंतर मराठी भाषकास समजावून सांगण्याची गरज नाही. कुपी वेळीच सोबत्याच्या स्वाधीन केली असती, तर पाजण्याची वेळ बहुधा आली नसती.