पंचनामा ते बर्न : फवारणीच्या विषबाधेची परराष्ट्रनीती

परराष्ट्र व्यवहार हा दिल्लीचा विषय, वऱ्हाडाचा त्याच्याशी काय संबंध, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत असते. पण कापूस हे पीकच मुळात परदेशाशी बांधलेले आहे. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा या काळ्या जमिनीतल्या कापसाचे मोल इंग्रजांना चांगले ठाऊक होते. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर खामगाव-अमरावतीच्या बाजाराकडे वळली. इथला कापूस आखूड धाग्याचा आहे, त्यात कचरा आणि सरकी असते, अशी मँचेस्टरच्या गिरणीमालकांची तक्रार होती. सरकारने तिची दखल घेतली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी खास कॉटन कमिशनर नेमण्यात आला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा तो अधिकारी. मँचेस्टरमधली चिंता वऱ्हाडातल्या धुऱ्यापर्यंत पोचण्यासाठी अशी सरकारी वाट दीडशे वर्षांपूर्वीच तयार झाली होती.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न उलट दिशेच्या वाटेचा आहे. वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या जिवाची चिंता परक्या देशाच्या सरकारपुढे मांडायची झाली, तर ती कोणत्या मार्गाने जाते आणि कुठे अडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी यवतमाळचे २०१७ चे विषबाधा प्रकरण आणि त्याचा स्वित्झर्लंडपर्यंत झालेला प्रवास तपासण्यासारखा आहे.

घटनाक्रम बहुतेकांना आठवत असेल. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक मृत्यू झाले. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतूनही विषबाधेच्या बातम्या येत होत्या. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. हवेत दमटपणा होता, बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या होत्या, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती आणि 'चायना पंपा'चा बारीक फवारा थेट तोंडावर येत होता. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना २ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा व वाशिम या जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली. ६० दिवसच का? कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला सुरुवातीला तेवढ्याच मुदतीच्या बंदीचा अधिकार दिला आहे. कायमची बंदी केंद्राच्या हाती. तोवर कपाशीचा फवारणीचा हंगामही उलटून गेला होता.

या पाच औषधांत डायफेंथियुरॉन हे एक होते. 'पोलो' या नावाने ते सिंजेंटा कंपनी विकत असे. कंपनीचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील बाझल येथे. त्या देशात २००९ पासून या द्रव्याच्या वापराला परवानगी नाही. युरोपीय संघाने तर ते त्याआधीच बाद केले होते. तरीही २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधून सुमारे ७५ टन डायफेंथियुरॉन भारतात आले. ही आकडेवारी 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मिळवली. आपल्या शेतात काय आले हे कळण्यासाठी परक्या देशातला माहितीचा अधिकार वापरावा लागला, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो.

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील ५१ बाधितांच्या गटाच्या वतीने बर्न येथील 'राष्ट्रीय संपर्क केंद्रा'कडे तक्रार दाखल झाली. तिच्यामागे महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स, पॅन इंडिया, पॅन आशिया पॅसिफिक, बर्लिनची ईसीसीएचआर आणि पब्लिक आय या संस्था होत्या. हे संपर्क केंद्र म्हणजे न्यायालय नव्हे. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आचरणाची मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत आणि ती मान्य करणाऱ्या प्रत्येक सरकारने तक्रारी ऐकण्यासाठी असे केंद्र ठेवायचे असते. स्वित्झर्लंडमध्ये ते आर्थिक व्यवहार सचिवालयात, म्हणजे सरकारातच, बसते. भारताने ही तत्त्वे स्वीकारलेली नाहीत, म्हणून दिल्लीत असे केंद्र नाही. याच सुमारास दोन मृतांच्या पत्नी आणि एक बचावलेला शेतकरी यांनी बाझलमध्ये दिवाणी दाव्याची वेगळी वाटही धरली.

केंद्राने तक्रार दाखल करून घेतली, दोन्ही पक्षांना चर्चेला बसवले आणि २०२२ मध्ये समझोता न होताच प्रकरण बंद केले. आपल्या औषधाने विषबाधा झाली हे कंपनीने कधीच मान्य केले नाही, आणि न्यायालयात दावा चालू असल्याने नेमक्या त्याच प्रश्नावर चर्चेच्या टेबलावर बोलणे होऊ शकले नाही. ज्या प्रश्नासाठी माणसे गेली तो प्रश्न वगळून बाकी सगळ्यावर बोलता येते, ही या यंत्रणेची मर्यादा आहे. तिच्या हाती सक्ती नाही. ती मध्यस्थी करते आणि शेवटी एक निवेदन काढते.

मग सारेच वाया गेले काय? तसे म्हणता येत नाही. तक्रारीनंतर महिन्याभरातच, ऑक्टोबर २०२० मध्ये, स्विस सरकारने पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली आणि १ जानेवारी २०२१ पासून ती अमलात आली. त्या यादीत डायफेंथियुरॉन आहे, पॅराक्वाट आणि प्रोफेनोफॉसही आहे. या निर्णयामागे तिथल्या संस्थांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. एका तक्रारीचे ते फळ मानणे चुकीचे ठरेल. पण त्या पाठपुराव्याला यवतमाळने माणसांचे चेहरे दिले. बंदीची मर्यादाही स्पष्ट आहे. ती स्विस भूमीवरून होणाऱ्या निर्यातीपुरती आहे. तेच द्रव्य दुसऱ्या देशात किंवा भारतातच तयार होऊन अकोल्याच्या कृषी सेवा केंद्रात आले, तर बर्नचा हुकूम तिथे चालत नाही.

इथे आणखी एक गुंता आहे. जून २०१७ मध्ये, म्हणजे यवतमाळचा तो हंगाम सुरू होत असतानाच, चीनच्या सरकारी मालकीच्या केमचायना कंपनीने सिंजेंटा विकत घेण्याचा सुमारे ४३ अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण केला. मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, मालक चीनचे सरकार, विक्रीचा परवाना भारत सरकारच्या नोंदणी समितीचा. चिंता कोणत्या सरकारकडे मांडायची? बाधितांनी स्वित्झर्लंडचे दार ठोठावले, कारण उघडण्याची शक्यता असलेले दार तेवढेच होते. स्विस बाजूही म्हणू शकते की, नोंदणी तुमच्याच सरकारने केली आहे. हे म्हणणे सोयीचे असले तरी खोटे नाही.

म्हणूनच टीकेचा मुख्य रोख बर्नकडे न ठेवता दिल्लीकडे वळवावा लागतो. घातक रसायनांच्या व्यापारासाठी १९९८ चा रॉटरडॅम करार आहे. भारत त्यात २००५ पासून सहभागी आहे. या कराराच्या सहाव्या कलमात आपल्यासारख्या देशांसाठीच एक तरतूद आहे. एखादे कीटकनाशक प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत माणसांना अपाय करीत असेल, तर विकसनशील देशाचे सरकार स्वतः प्रस्ताव पाठवून ते जागतिक यादीत घालण्याची मागणी करू शकते. बुर्किना फासोसारख्या गरीब देशाने आपल्या शेतकऱ्यांच्या विषबाधेच्या नोंदी गोळा करून पॅराक्वाटच्या एका मिश्रणाबाबत असा प्रस्ताव पाठवला. करारात निर्णय एकमतानेच होतात. भारतासह काही देशांच्या विरोधामुळे त्या प्रस्तावावर परिषदांमागून परिषदा एकमत होऊ शकले नाही. म्हणजे ज्या दालनात यवतमाळचा आवाज उठायला हवा होता, तिथे आपल्या प्रतिनिधींनी दुसऱ्याच्या यवतमाळला अडवले. कारण उघड आहे. भारत स्वतः कीटकनाशकांचा जगातील मोठा निर्यातदार आहे, आणि निर्यातदाराची भाषा विषबाधितांच्या भाषेपेक्षा वेगळी असते.

हे अटळ होते असेही नाही. केरळचे उदाहरण समोर आहे. कासारगोडच्या काजूबागांवर हवेतून फवारलेल्या एंडोसल्फानचे परिणाम पिढ्यांवर दिसू लागले, तेव्हाही भारत सरकार जागतिक बंदीच्या विरोधातच होते; भारत हा एंडोसल्फानचा सर्वांत मोठा उत्पादक होता. पण तिथे राज्य सरकार बाधितांच्या बाजूने उभे राहिले. २५ एप्रिल २०११ रोजी, जिनिव्हात परिषद सुरू होत असताना, मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन स्वतः उपोषणाला बसले. त्याच आठवड्यात भारताने काही सवलतींसह बंदी मान्य केली आणि १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात मनाईचा आदेश दिला. भावनेला तिथे कागदाचाही आधार होता : वैद्यकीय पाहण्या होत्या, शासनाने तयार केलेल्या बाधितांच्या याद्या होत्या. पुढे जानेवारी २०१७ मध्ये प्रत्येक बाधिताला ५ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो अशा याद्यांमुळेच अमलात आणण्याजोगा झाला.

आपला कागद कसा होता? बर्नमधील तक्रारीचा कणा म्हणजे यवतमाळच्या शासकीय नोंदी. त्यांत ९६ विषबाधांचा, त्यांपैकी २ मृत्यूंचा, 'पोलो'शी संबंध नोंदलेला होता. कुणा जमादाराने किंवा कर्मचाऱ्याने बाटलीवरचे नाव लिहून घेतले, म्हणून ते प्रकरण आल्प्स ओलांडून जाऊ शकले. ज्यांच्या कागदावर नुसते 'फवारणीचे औषध' असे लिहिले गेले, त्यांची व्यथा तालुक्याबाहेर गेली नाही. रक्ततपासणी हा उपाय सुचवला जातो. पण कोलिनेस्टरेज चाचणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतील विषांसाठी आहे. डायफेंथियुरॉन त्या गटांत मोडत नाही. तिथे औषधाचे नाव, बाटली आणि बॅच क्रमांक हाच पुरावा. दोन-तीन औषधे कालवली असतील तर ती सगळी नावे. कंपनीच्या वकिलाला संशयाचा फायदा मिळतो तो याच रिकाम्या रकान्यातून.

या रिकाम्या रकान्याला आपले लेखनही थोडे जबाबदार आहे. गेल्या पंचवीस वर्षांत विदर्भातील शेतकऱ्यावर मराठीत जे लिहिले गेले, त्यात आत्महत्या हीच मुख्य चौकट राहिली. तिचे कारण रास्त आहे. पण त्या चौकटीत कीटकनाशक हे मरणाचे साधन ठरते, कामाच्या ठिकाणचा धोका ठरत नाही. परिणामी फवारताना कोसळलेल्या मजुराला आधी 'मी विष प्यालो नाही' हे सिद्ध करावे लागते. शिवाय लेखनातला शेतकरी सातबारावाला असतो. दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारा भूमिहीन मजूर कथा-कादंबरीतही कडेलाच राहतो आणि शेतकरी अपघात योजनेतही, कारण त्याच्या नावे सातबारा नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे : हातमोजे, मास्क, चष्मा घातला नाही, वापर चुकला. याला उत्तर देण्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची कीटकनाशकांविषयीची आचारसंहिता सांगते की, ज्या औषधासाठी उष्ण प्रदेशात न सोसवणारी, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हाती देणे टाळावे. आपल्या सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी पोशाख घालून दिवसभर पंप वाहून पाहावा, म्हणजे या कलमाचा अर्थ कळेल.

करण्यासारख्या गोष्टी दूरच्या नाहीत. कीटकनाशक कायद्याच्या २६ व्या कलमाखाली विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तो पूर्णपणे वापरावा. प्रत्येक नोंदीत औषधाचे व्यापारी नाव, रासायनिक नाव आणि बॅच क्रमांक यावा. अपघात की आत्महत्या हा रकाना बाधिताला विचारून भरावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि विभागातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी या नोंदींचा हंगामवार अहवाल प्रसिद्ध करावा. असा अहवाल हाती असेल, तर रॉटरडॅम कराराच्या सहाव्या कलमाखाली प्रस्ताव का पाठवला नाही, हा प्रश्न वऱ्हाडचे खासदार संसदेत विचारू शकतात आणि सरकारला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागेल.

मँचेस्टरच्या तक्रारीसाठी कमिशनर नेमला गेला, कारण तिच्यामागे गाठींचा हिशेब होता. मजुराच्या जिवाचा हिशेब आपल्याकडे अजून धड लिहिला जात नाही. पुढचा फवारणीचा हंगाम जुलैत सुरू होईल. त्याआधी निदान नोंदवहीचे रकाने तरी आखून व्हावेत.