विद्येची सीमा आणि अवकाशातील जादूगार

एका लेखकाने निर्मिलेली पात्रे दुसऱ्याने उचलावीत, मूळ कथेत नसलेल्या प्रसंगांत त्यांना गुंतवावे आणि अशा लेखनाला ‘फॅन फिक्शन’, म्हणजे चाहत्यांचे कथालेखन, हे नाव मिळावे, या व्यवहाराकडे मराठी समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखकही याला अपवाद नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एका विद्यार्थिनीने दिलेली कथा संपादक मंडळाने नाकारली. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने मराठीत आलेल्या कादंबरीतील जादूविद्येचे विद्यार्थी तिने चंद्रावर नेले होते. ‘उसनी पात्रे, परकी भूमी आणि अद्भुतावर रचलेले अद्भुत’ असा शेरा त्या हस्तलिखितावर मीच लिहिला होता. आज तो शेरा मला टिकण्यासारखा वाटत नाही. तो का टिकत नाही हे तपासताना अद्भुतकथेच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती लागतो, म्हणून हे विवेचन.

उसनेपणाचा आक्षेप प्रथम घेऊ. गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेत रचली गेली असे परंपरा सांगते आणि तिचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाशी जोडते. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहेत ती सोमदेव, क्षेमेंद्र आदींची पुनर्कथने. मूळ हरवले आणि उसने घेणारे तेवढे उरले, अशी ही अवस्था आहे. या कथाचक्राचा नायक नरवाहनदत्त शेवटी विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. विद्याधर म्हणजे विद्येच्या बळावर आकाशात संचार करणारा. ‘खेचर’ हे त्याचे दुसरे नाव. जैन परंपरेत तर विद्याधर हा देव नसून मनुष्यच आहे. त्याचे सामर्थ्य विद्या साधण्यातून येते. जादू ही शिकण्याची गोष्ट आहे आणि शिकलेला माणूस आकाशात जाऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे.

दुसरा आक्षेप परक्या भूमीचा. त्याचे उत्तर धाराशिवच्या डोंगरातच आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर मुनींनी अपभ्रंशात ‘करकंडचरिउ’ हे दहा संधींचे काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी 1934 मध्ये ते कारंजा येथून संपादित करून प्रसिद्ध केले आणि काव्यातील तेरापूर म्हणजे आपले तेर व तेथील लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, अशी संगती लावली. काव्यात या लेण्याचे कर्तृत्व नील आणि महानील या दोन विद्याधरांकडे दिलेले आहे. आपल्या स्थानापासून च्युत झालेले हे आकाशगामी येथे येऊन स्थिरावले. लेण्यांचे मूळ स्वरूप बौद्ध की जैन हा पुरातत्त्वाचा प्रश्न आहे आणि काव्याकडून त्याचे उत्तर मागू नये. आपल्यापुरते महत्त्वाचे एवढेच, की या जिल्ह्यातील एका डोंगराविषयीची कथा आकाशातून उतरलेल्या विद्यावंतांपासून सुरू होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जादूगाराला सर्व शक्य असेल तर त्याला अवकाशात पाठविण्याने कथेत कोणती भर पडते? अशक्य पण संभाव्य वाटणारे हे शक्य पण असंभाव्य वाटणाऱ्यापेक्षा काव्यात श्रेयस्कर, हे ॲरिस्टॉटलचे मत सर्वपरिचित आहे. परंतु अशक्याला संभाव्यता कोठून येते? माझ्या मते ती येते सीमेतून. विद्या कोठे संपते हे ज्या कथेला ठाऊक असते, तिचेच अद्भुत प्रत्ययकारी होते.

‘करकंडचरिउ’मध्ये ही सीमा नेमकी दिसते. अमितवेग आणि सुवेग हे विद्याधर बंधू एक जिनमूर्ती घेऊन येतात आणि डोंगरावर ती क्षणभर खाली ठेवतात. पुन्हा उचलू जातात तो मूर्ती हलत नाही. आकाश ओलांडणाऱ्यांना हातभर उंचीवर ती उचलता येत नाही. पुढे सुवेग हत्तीच्या जन्माला येतो आणि मूर्ती जेथे पुरलेली आहे त्या वारुळाची कमळांनी पूजा करतो. वेग ज्याच्या नावातच होता, तो भूमीवरच्या सर्वांत जड प्राण्याच्या देहात येतो. येथे अद्भुताची रास नाही. एका अद्भुताने दुसऱ्याला घातलेला बांध आहे आणि करकंड राजाची लेण्यातील कथा त्या बांधापाशीच उभी राहते.

याच्या उलट टोकाला मालू धुंडीसुताचा ‘नवनाथ भक्तिसार’ (शके 1741) ठेवता येईल. मराठवाड्यात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथातील चर्पटीनाथ गमनाची विद्या मिळवून इंद्राच्या अमरपुरीत जातो आणि तेथे त्याच्यापुढे कोणाचेच चालत नाही. पारायणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण तेथे श्रोत्याला नाथसामर्थ्याची ग्वाही हवी असते. मात्र कथा म्हणून तीत ताण निर्माण होत नाही. दोन्ही ग्रंथांना एकाच मापाने मोजू नये, इतके पथ्य पाळूनही हा भेद नोंदवावा लागतो.

आधुनिक मराठीत ही सीमा भौतिकशास्त्राने पुरविली. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते. वरकरणी हा चमत्कार आहे; त्यामागे मात्र अवकाशाच्या भूमितीतून आरशातल्याप्रमाणे उलटून येण्याची कल्पना आहे. तेरची मूर्ती हलत नाही, ही मूर्ती उलटते. दोन्हीकडे मूर्ती नियमाची साक्ष देते. आणखी एक गोष्ट येथे आठवते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. परीक्षकांसमोर शास्त्रज्ञाचे नाव नव्हते, केवळ संहिता होती. आम्ही नेमके उलटे केले. पात्रांची नावे पाहिली आणि संहिता वाचलीच नाही.

आता ती कथा. तिची नायिका मंत्राच्या बळावर चंद्रावर पोहोचते आणि परतीचा मंत्र उच्चारते. ओठ हलतात, पण तेथे हवा नाही, म्हणून ध्वनी नाही आणि ध्वनी नाही म्हणून मंत्रही नाही. श्वास घेता यावा याची तजवीज तिने जादूने करून ठेवलेली असते, शब्द ऐकू जावा याची नाही. मूळ मालिकेतील जादू बहुतांशी उच्चारावर चालते. तो नियम आणि निर्वाताचा नियम या मुलीने समोरासमोर आणले होते. उसन्या पात्रांशिवाय हे साधले नसते, कारण वाचकाला आधीच ठाऊक असलेला नियमच येथे मोडतो. पुढच्याच पानावर एक गुरुजी अचानक प्रकटतात आणि तिला परत आणतात. सीमा गाठून लेखिका तिच्यापाशी थांबली नाही, हा या कथेचा खरा दोष होता.

तो दोष एका पानाचा होता आणि दाखवून दिला असता तर दूर होण्यासारखा होता. ‘शेवटचे पान काढ आणि तिला तेथेच राहू दे’ एवढे वाक्य पुरेसे झाले असते. मी लिहिलेल्या शेऱ्यात तीन आक्षेप होते, पण हे वाक्य नव्हते. त्या विद्यार्थिनीने नंतर अंकासाठी काहीही दिले नाही.