काळजी करणे आणि काळजी घेणे : ‘स्मृतिचित्रां’तील ईश्वरविश्वासाचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ईश्वरनिष्ठेचा विचार बहुधा पद्याच्या आधारे केला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग व भजने ह्या विवेचनात अग्रस्थानी असतात आणि ते योग्यही आहे. परंतु ‘सर्व भार देवावर टाकावा’ ह्या शिकवणुकीची कसोटी भजनात लागत नाही. ती संसारात लागते. त्या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राकडे पाहिले असता एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. घरातील एक माणूस देवावर भार टाकून निश्चिंत होतो, तेव्हा त्याचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मूळ उपदेशाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, अन्नवस्त्राची चिंता करू नये असे येशू सांगतो व त्यासाठी आकाशातील पाखरांचा आणि रानातील फुलांचा दृष्टांत देतो. हा दृष्टांत वाटतो तितका सोपा नाही. पाखरे पेरीत नाहीत हे खरे, पण ती घरट्यात बसूनही राहत नाहीत. दिवसभर दाणे टिपीत हिंडतात. रानफुलांचे वैभव एका दिवसाचे असते व दुसऱ्या दिवशी ते गवत भट्टीत जाते, हेही तेथेच सांगितले आहे. अध्यायाचा शेवट तर प्रत्येक दिवसाला त्याचे त्याचे दुःख असतेच, ह्या कबुलीने होतो. तेव्हा दुःख येणार नाही असे आश्वासन येथे नाही. शिवाय देव आणि धन ह्या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे वचन ह्या उपदेशाच्या लगेच आधी येते. त्यावरून पाहता येथे निषेध आहे तो मनाला दोन धन्यांत विभागणाऱ्या वृत्तीचा. श्रमाचा किंवा दक्षतेचा निषेध येथे नाही.

मूळ ग्रीक शब्दाचा प्रयोगही ह्याच दिशेने नेतो. ‘मेरिम्ना’ ह्या शब्दाने नव्या करारात मनाला पोखरणारी चिंता दर्शविली जाते, आणि इतरांविषयीची कळकळही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल ज्या क्रियापदाने चिंतेस मनाई करतो, त्याच क्रियापदाने दुसऱ्या अध्यायात तो तीमथ्याच्या आस्थेची प्रशंसा करतो. मराठीत हा भेद एकाच नामाला लागणाऱ्या दोन क्रियापदांनी सहज व्यक्त होतो. आपण ‘काळजी करतो’ आणि ‘काळजी घेतो’. पहिल्या क्रियेत मन स्वतःभोवती फिरत राहते. दुसरीत हात दुसऱ्याकडे वळतात. ‘स्मृतिचित्रां’चे मर्म ह्या दोन क्रियापदांमधील अंतरात आहे, असे प्रतिपादन करता येईल.

आता टिळकांकडे वळू. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना ज्या भागाने त्यांचे मन प्रथम वेधले, तो भाग म्हणजे हेच डोंगरावरील प्रवचन. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, वेतनाचा आधार न ठेवता, त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा यत्न आरंभिला. ह्या क्रमाकडे पाहून त्यांची निश्चिंती ही त्या प्रवचनाचीच फलश्रुती होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ‘स्मृतिचित्रे’ तो मोह टिकू देत नाहीत. पहिल्या भागात चित्रित झालेले, धर्मांतरापूर्वीचे टिळकही असेच आहेत: पैसा हाती न ठरणारे, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारे, उद्याचा हिशेब न मांडणारे. म्हणजे बेफिकिरी हा त्यांचा स्वभाव होता. ख्रिस्ती श्रद्धेने त्या स्वभावाला अधिष्ठान व दिशा दिली. स्वभावाचे श्रेय श्रद्धेला देणे आणि श्रद्धेचे मोल स्वभावावरून ठरविणे, ह्या दोन्ही गोष्टी समीक्षकाने टाळावयास हव्यात.

येथे मराठी संतपरंपरेतील एक साम्य लक्षात येते. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. तुकोबांचे जे चरित्र महिपतीने ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) ह्या ग्रंथांतून रूढ केले, त्यातही विठ्ठलावर भार टाकून मोकळा झालेला भक्त आहे, आणि घरात काय शिजवावे ह्या विवंचनेत असलेली त्याची पत्नीही आहे. परंतु तिची बाजू आपल्याला चरित्रकाराच्या मुखातून कळते. भक्ताचे वैराग्य उठून दिसावे एवढ्यापुरतेच तिच्या त्राग्याला तेथे स्थान आहे. ‘स्मृतिचित्रां’त लेखणी पत्नीच्याच हाती आहे. त्यामुळे निश्चिंत पुरुषाच्या कथेतील एरवी मुकी राहणारी बाजू येथे प्रथमच विस्ताराने बोलू लागते. ह्या ग्रंथाच्या वाङ्मयीन महत्त्वाइतकेच हे त्याचे धर्मशास्त्रीय महत्त्वही आहे.

मात्र लक्ष्मीबाईंची भूमिका केवळ तक्रारीची असती, तर ग्रंथाला ही खोली आली नसती. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या; पंढरपूरच्या वास्तव्यात त्यांनी जे सोसले, ते ‘काळजी करणे’ ह्या शब्दप्रयोगाच्या पुऱ्या अर्थाने सोसले. पुढे त्या पतीकडे परतल्या, जातिभेदाचा स्वतः विचार करून त्यांनी तो मनातून काढून टाकला, आणि १९०० मध्ये स्वतंत्र निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या घरी आश्रयाला येणाऱ्या पोरक्या मुलांची व अडल्यानडल्यांची संख्या वाढत गेली. विवंचना संपली नाही, उलट खाणारी तोंडे वाढली. पण तिची जात पालटली. स्वतःच्या भवितव्याभोवती फिरणारे मन दुसऱ्याच्या भुकेकडे वळले. लूककृत शुभवर्तमानात पुष्कळ गोष्टींची दगदग करणाऱ्या मार्थेला येशू सौम्य शब्दांत सावध करतो. पण तिच्या घरचे आतिथ्य तो नाकारीत नाही. लक्ष्मीबाईंच्या ठायी मार्थेचे हात तसेच राहिले आणि मन मात्र हळूहळू निवले.

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. आत्मचरित्र हे घडून गेलेल्याचे कथन असते. चिंता उद्याची असते आणि स्मृतिकार तर तो उद्या पाहून आलेला असतो. शेवट ठाऊक असताना विश्वासाची ग्वाही देणे सोपे नाही काय? आक्षेप रास्त आहे, आणि अनेक धर्मनिष्ठ आत्मचरित्रांना तो बाधतोही. लक्ष्मीबाईंची कथनरीती त्यातून बऱ्याच अंशी सुटते. प्रत्येक सुटकेला दैवी चमत्काराचा शिक्का मारण्याची घाई त्या करीत नाहीत. प्रसंग सांगतात, त्यातील स्वतःची फजिती सांगतात, आणि त्या दिवशीची भीती तिच्या त्या दिवशीच्या आकारातच ठेवतात. पतीवरचा राग त्या झाकीत नाहीत. त्याच्यावरील प्रेमही नाही. त्यांचा विनोद ह्या संदर्भात केवळ शैलीचे भूषण ठरत नाही. ज्या दारिद्र्याने एकेकाळी रडविले, त्याकडे कडवटपणा न ठेवता पाहता येणे, हा विश्वासाचा पुरावा म्हणून अधिक ग्राह्य वाटतो. कारण तो उपदेशाच्या रूपाने येत नाही.

तरीही मूळ प्रश्न पूर्णपणे सुटतो असे नाही. टिळकांच्या त्यागाला लक्ष्मीबाईंच्या दक्षतेचा आधार नसता, तर तो कोठवर टिकला असता, ही शंका ग्रंथ मिटवू देत नाही. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पतीने अर्धवट टाकलेले उचलून पुढे नेणे, हा त्यांच्या सबंध संसाराचाच क्रम येथे वाङ्मयातही दिसून येतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आपली चिंता देवावर टाकावी, कारण तो आपली काळजी घेतो, अशा आशयाचा उपदेश आहे. मूळ ग्रीकमध्ये तेथे दोन भिन्न शब्द आहेत. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर असे वाटते, की ह्या उपदेशाचा पूर्वार्ध टिळकांनी आचरिला आणि उत्तरार्धाचे प्रत्यंतर त्यांच्या घराला बहुतांशी लक्ष्मीबाईंच्या हातून आले. टिळकांच्या पद्याचा अभ्यास ह्या गद्यावाचून करू नये, असे म्हणावयाचे ते ह्याच कारणासाठी.