पौंड, न्यूटन आणि गिळलेला प्रश्न

नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी हरवले. नियोजित उंची सुमारे २२६ किलोमीटर होती, यान ५७ पर्यंत खाली गेले. एका सॉफ्टवेअरने रेट्याचे आकडे पौंडात दिले, पुढच्याने ते न्यूटन समजून वापरले. फरक ४.४५ पटींचा. आपण हा किस्सा हसत सांगतो.

चौकशी मंडळाचा नोव्हेंबर १९९९ चा अहवाल मात्र हसू देत नाही. चूक एकाची असेल, पण ती पकडणारी चाळणीच फाटकी होती, हे तो स्पष्ट दाखवतो. सॉफ्टवेअरची पुरेशी पडताळणी झाली नव्हती. मार्ग आखणाऱ्यांना विसंगती दिसली होती, पण ती रीतसर नोंदवली गेली नाही.

मंडळाने प्रशिक्षण, मनुष्यबळ आणि परस्परसंवाद यांवर शिफारशी केल्या. त्या योग्यच आहेत, तरी मला अपुऱ्या वाटतात. फॉर्म छापल्याने माणूस बोलता होत नाही. मंडळी, व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर असताना मीही एका बैठकीत असाच प्रश्न गिळला होता. मुदत पाळली गेली, काम मात्र पुन्हा करावे लागले. 'थांबा' म्हणणाऱ्याला जिथे अभय नाही, तिथे कोणतीही पद्धत कागदावरच राहते.